मार्टिन पावणं जेवायला येणार होते

आता हे सांगू की नको? सांगतोच. नाहीतर आमच्या गल्लीतलं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेल, आणि त्यात मी आहे त्यापेक्षा जास्त येडा दिसेन.

कॉलेजात असताना आम्ही कॉम्प्युटरवर एक गेम खेळायचो. नाव सांगत नाही, कंपनीवाल्यांना माझा पत्ता लागायला नको. दोन टोळ्या, दोन किल्ले, आपला झेंडा राखायचा आणि समोरच्याचा पळवायचा. राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत आम्ही मित्र ओळीनं बसायचो. गेममध्ये तोफा होत्या, पण आवाज आमचाच जास्त! मी झेंडा राखायचो, दिन्या पळवायचा. पुढं दिन्या चंदगडला काजूच्या धंद्यात पडला, मी लक्ष्मीपुरीत पशुखाद्याच्या दुकानात बसलो, बाकीचे पुण्याबिण्याला गेले. कॅफे बंद पडला, गेमही बंद पडला. खोटं कशाला बोलू, मला त्या टोळीची आठवण यायची.

आणि एक दिवस कळलं, तोच गेम नव्यानं काढलाय! वर कंपनीनं लिहिलेलं, की अजून काम चालू आहे, जुन्या खेळाडूंनी काय चुकतंय ते कळवावं.

काय चुकतंय? हे कोल्हापूरच्या माणसाला विचारायचं असतं का हो? दुसऱ्याच्या लग्नात पोटभर जेवूनसुद्धा ‘भात जरा मऊ झालता’ हे सांगितल्याशिवाय आम्ही हात पुसत नाही!

मी रोज दुकान बंद केलं की खेळायला बसायचो आणि चुका टिपायचो. गवत इतकं हिरवं की म्हशी आणून सोडाव्यात. घोडा पळताना जुन्या लुनासारखा वाजतो. पूर्वी तटावरून उडी मारली तर माणूस लंगडायचा, आता गादीवर पडल्यासारखा उठून चालायला लागतो. लंगडणं परत आणा! असं बरंच काही.

एकच गोष्ट मात्र मनापासून आवडली. माणसं! पूर्वी या गेममध्ये जगभरातनं नुसत्या शिव्या यायच्या. आता सगळे कसे शांत, समजूतदार. त्यातल्या त्यात माझ्या टोळीतला मार्टिन. असला गुणी माणूस मी बघितला नाही. मी संकटात सापडलो आणि हाक मारली, की लगेच खाली अक्षरं उमटायची, ‘ऑन माय वे!’ म्हणजे, निघालोच! आणि खरंच यायचा. सख्खा मेव्हणा चार वेळा फोन केल्यावर निघतो, आणि हा परका माणूस भाल्यासकट हजर!

माझं म्हणणं पूर्ण लिहून झालं. पण पाठवायचं कसं? आपल्याकडं एकट्याच्या निवेदनाला कुणी विचारतं का? महापालिकेत गटार तुंबल्याचं सांगायचं तरी आपण पाचपंचवीस जण घेऊन जातो. शिष्टमंडळ पाहिजे! म्हटलं, मार्टिनला सोबत घ्यावं. परदेशी माणसाचा पाठिंबा असला की कंपनी घाबरते.

आणि पाठिंबा मागायचा तर आधी जेवायला घालायला नको?

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, ‘मार्टिनराव, रविवारी कोल्हापूरला या. मटण आहे.’

उत्तर आलं, ‘ऑन माय वे!’

आता बघा, आपल्याकडं पाहुणा आधी नको म्हणतो, मग कशाला त्रास म्हणतो, मग येतो. हा एका बोलण्यात तयार! मला भरूनच आलं. म्हटलं, काय मन आहे माणसाचं. तिकडं आग्रहाची पद्धत नसेल.

बायकोला सांगितलं. सुजाता म्हणाली, “अहो, कुठल्या गावचा हाय त्यो?”

“परदेशातला हाय.”

“आन् रविवारी येतोय? इमानानं?”

“निघालाय म्हणतोय की!”

“तिखट सोसंल का त्याला?”

“अगं, तोफेच्या तोंडाला उभा राहतो रोज. तुझ्या रश्शाला भिणाराय?”

मी दिन्याला फोन लावला. तो म्हणाला, “मर्दा, परदेशातनं पावणा येतोय आन् मी चंदगडात बसू व्हय? काजू घिऊन येतो!” दिन्या येणार म्हटल्यावर मी हवेतच होतो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी बोललो तालमीतल्या पिंटूजवळ. पिंटूला कुणाचाही वाढदिवस पुरतो फ्लेक्स लावायला. इथं तर परदेशी पाहुणा!

“दाजी, फोटू पाठवा फकस्त.”

फोटो कुठला असणार? मी गेममधलाच पाठवला. तोंडावर लोखंडी टोप, हातात भाला. पिंटू म्हणाला, “नाद खुळा! हौशी दिसतंय माणूस.”

शनिवारी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. ‘दिलदार मित्र मार्टिन पावणे यांचे करवीरनगरीत सहर्ष स्वागत!’ खाली गॉगल लावलेली तालमीची सगळी पोरं, मध्ये टोपातला मार्टिन, आणि कोपऱ्यात हात जोडून मी. शेजारच्या काकींनी विचारलं, “पावणे आडनाव हाय व्हय त्यांचं? आपल्यातलंच वाटतंय की!”

रविवार उजाडला. सुजातानं सकाळपासून मसाला वाटला. तांबडा झाला, पांढरा झाला, सुकं झालं. दिन्या एसटीनं आला. पिंटू हार घेऊन दारात. एक वाजला, दोन वाजले. पोटात कावळे ओरडायला लागले, पण पाहुण्याच्या आधी ताटाला हात कसा लावायचा?

दिन्या म्हणाला, “गड्या, विचार की त्याला, कुठंवर आलाय.”

मी लॅपटॉप उघडला. मार्टिन किल्ल्याच्या दारातच उभा! पिंटू चिडला. “आयला, ह्यो अजून खेळतोयच? निघाला न्हाय?”

“वाटंत मोबाईलवर खेळत आसंल,” मी म्हणालो. बघा, किती सांभाळून घेत होतो मी त्याला! मी लिहिलं, ‘कुठं पोचलात?’

‘ऑन माय वे!’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण सुजाता हातात पळी घेऊन मागं उभी होती. ती म्हणाली, “त्याला इचारा, भाकरी किती खाणार.”

विचारलं. ‘ऑन माय वे!’

“बायकोचं नाव काय, इचारा.”

‘ऑन माय वे!’

सुजाता नुसती माझ्याकडं बघत राहिली. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला त्या बघण्याचा अर्थ कळतो.

“आधी बंद करा ते, आन् जेवाय बसा!” म्हणत तिनं भिंतीतली पिन खस्सकन उपसली. वायफायचा डबा त्याच पिनेवर. डब्यावरचे दिवे विझले. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला.

आणि मार्टिनही चालूच राहिला! तटावर चढला, दोन शत्रू पाडले आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

दिन्या पडद्याजवळ तोंड नेत म्हणाला, “नेट बंद हाय न्हवं?”

“व्हय.”

“मग ह्यो येतोय कुठनं?”

दिन्याचं बोट पडद्यावर फिरायला लागलं.

“आरं लेका! हितं वर कोपऱ्यात प्रॅक्टिस म्हणून लिवलंय की! ही माणसं न्हाईत, कॉम्प्युटरच हाय सगळा! आन् तू महिनाभर ह्यांच्यासंगं खेळतोयस?”

काय सांगू? ते प्रॅक्टिस मी रोज वाचत होतो. मला वाटायचं, तालमीत करतात तसा सगळेच मिळून सराव करतायत.

पिंटूला हसताना ठसका लागला. हातातला हार त्यानं माझ्याच गळ्यात घातला. दिन्या तर जमिनीवर लोळायचा बाकी होता. मटण मात्र सगळ्यांनी रेटून खाल्लं, मार्टिनच्या वाट्याचंसुद्धा. मला वाईट वाटत होतं. हसू नका, खरंच वाटत होतं. एवढा चांगला माणूस, आणि तो नव्हताच!

जेवणं झाल्यावर दिन्या माझ्या शेजारी बसला. “चल, आता खऱ्या माणसांत खेळू. मी पळवतो, तू राख.” पिन परत लावली. खऱ्या लढाईत उतरल्याउतरल्या मी मेलो, आणि कुठल्यातरी मुलखातून अशी शिवी आली की जुन्या दिवसांची आठवण होऊन आम्ही दोघं एकमेकांना टाळ्या द्यायला लागलो.

मग म्हटलं, आज निवेदन पाठवूनच टाकू. ‘माणसं सुधारली’ ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, ‘मार्टिनला एकदा तरी नाही म्हणायला शिकवा.’ शिष्टमंडळ म्हणून दिन्याचं नाव घातलं आणि पाठवायचं बटण दाबलं.

तर समोर एक चौकट आली. आपण माणूस आहात याची खात्री करा. खाली फोटोचे तुकडे. ज्यात मोटरसायकल आहे ते निवडा म्हणे. एका तुकड्यात नुसता आरसा दिसत होता. आता आरसा मोटरसायकलीत धरायचा की नाही? मी म्हणालो धरायचा, दिन्या म्हणाला आरसा असतोय व्हय कुणाच्या गाडीला? शेवटी मी धरला. लाल अक्षरं आली, चूक. परत केलं, परत चूक. तिसऱ्या वेळेला कंपनीनं सरळ सांगितलं, आपण माणूस असल्याची खात्री पटत नाही.

सुजाता दारात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, “मग रातच्याला तुम्हाला जेवाय वाढू, का चार्जिंगला लावू?”