चिलापीला मी शिकवलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. लेकाला नाही, सुनेला नाही, आणि देवाला तर मुळीच नाही. त्याच्यासमोर रोज हात जोडते, पण हा विषय मनात आला की लगेच आरती सुरू करते. तुम्ही मात्र बसा जरा. तुम्ही मला ओळखत नाही असं धरून चालते, म्हणजे सांगणं सोपं जातं.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे अडुसष्ट वर्षांची. हसू नका! आज पंचाहत्तरीत बसून बघते तेव्हा ती बाई मला अगदीच पोरकट दिसते. कडक इस्त्रीची साडी, निवृत्त मुख्याध्यापिका असल्याचा तोरा, आणि आर्णीत जो भेटेल तो आपला विद्यार्थीच, ही समजूत. पुष्कळदा तो असायचाही, तीच तर पंचाईत.

रोज सकाळी अरुणावतीवर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या टाकायच्या, हा आमच्या घरचा नेम. आमचे हे होते तोवर ते टाकायचे. ते गेल्यावर स्टीलचा डबा माझ्या हातात आला. घरात कुणी मासे खात नाही, पण माशांना खाऊ घालतो! केवढं पुण्य वाटायचं मला त्याचं. कोणता मासा खातोय, हे कधी पाहिलं मी? खात होती ती चिलापी. बाहेरून आणलेली, भराभर वाढणारी, आपल्या गावठी माशांची अंडी फस्त करणारी.

हे मला पल्लवीनं सांगितलं. नागपूरहून आलेली, माशांचाच अभ्यास केलेली मुलगी. घाटाखाली एक नाला नदीला मिळतो; तिथे गावठी मासे अंडी घालतात. त्या नाल्याच्या तोंडाशी तिनं पाण्यात एक भोंगा सोडला. काठावर ऐकू यायची नुसती बारीक गुरगुर, पण पाण्याखाली म्हणे असा गोंगाट, की चिलापीनं तिकडे फिरकूच नये. गावठी माशांना तो आवाज कितपत लागतो, तेही ती तपासणार होती.

रोज सकाळी भोंगा सुरू करायला आणि जाळीत काय सापडलं ते पाहायला तिनं किसनला ठेवलं होतं. भोयांचा किसन, चौथीपर्यंत माझ्याच शाळेत शिकलेला. आधी वणीकडे कोळशाच्या ट्रकवर असायचा. या कामामुळे पहिल्यांदा घरी राहून, म्हाताऱ्या आईजवळ राहून, त्याला कमावता येत होतं. मी दिसले की लांबून ओरडायचा, "बाई, घसरसान ना! पायरीवर शेवाळ हाये."

आणि भोंगा चालला बरं का! पहिल्याच आठवड्यात चिलापी पळाली. माझ्या गोळ्या पाण्यात नुसत्या विरघळू लागल्या. मला राग आला. कुणाचा? त्या भोंग्याचा. एका डबड्यानं माझी पोरं पळवून न्यावी?

थांबा, पाणी पिते.

आमच्या शाळेत घंटा म्हणजे लटकवलेला रुळाचा तुकडा. अभ्यासाची घंटा झाली की पोरं रेंगाळत यायची. खिचडीची झाली की ताटल्या वाजवत धावत. लोखंड तेच, आवाज तोच. फरक फक्त पुढे काय मिळणार त्याचा. मग मी काय केलं असेल?

किसन भोंगा सुरू करून जाळी बघायला पलीकडच्या काठावर जायचा. तेवढ्यात मी नाल्याच्या तोंडाशी. गुरगुर सुरू झाली की गोळ्या. बंद असली तर एकही नाही. सुरुवातीला कुणी आलं नाही. मग एक आली, बिचकत. मग पाच-सहा. चौथ्या आठवड्यात भोंगा सुरू होताच तिथलं पाणी उकळल्यासारखं व्हायला लागलं — चिलापी धावत यायची, आवाजाकडे! मी पदर तोंडाला लावून हसले. अडुसष्ट वर्षांची घोडी, शास्त्रावर कुरघोडी केली म्हणून खूश. काय म्हणावं हिला?

इथवर गंमत वाटते ना? मलाही इथेच थांबायला आवडलं असतं. सात वर्षं मी स्वतःलासुद्धा इथवरच सांगत आले.

एका सकाळी पल्लवी न कळवता आली. नाल्याच्या तोंडाशी तिनं पाण्यात हात घातला, तर मुठीत कणकेचा लगदा.

"किसनदादा, चारा टाकून चिलापी धरता तुम्ही? माझ्या मशीनच्या नावावर?"

"मॅडम, मायची शप्पत, म्या नाही टाकलं."

"मग कोणी टाकलं?"

किसननं वर पाहिलं. मी तिसऱ्या पायरीवर उभी. हातात डबा, नखांत कणीक. त्यानं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. "मले नाही मालूम," म्हणाला.

आणि मी? मी डब्याचं झाकण लावलं. हळूच — आवाज होऊ नये म्हणून.

किसनचं काम गेलं. चारा त्या एकाच दिवसाचा असेल असं समजून, चिलापीला आवाजाची भीती वाटत नाही असं लिहून पल्लवीनं भोंगा काढून नेला. तेही खोटंच, माझं खोटं, तिच्या हातानं लिहिलेलं. घाटावर लोक किसनला कणीकचोर म्हणू लागले. तो परत वणीला गेला, ट्रकवर. पुढच्या उन्हाळ्यात त्याची आई गेली, तेव्हा तो वाटेत होता. मी भेटायला गेले, सतरंजीवर बसले, चार शब्द चांगले बोलले. बोलता येतं ना मला!

काहून गप्प राहिले मी? पल्लवी रागावली असती, गाव दोन दिवस हसलं असतं. बाईंचं चुकलं, एवढंच लोकांना कळलं असतं. तेवढंच मला नको होतं.

परवाच्या बाजारात किसन भेटला. वाकून पाया पडला आणि सोबतच्या नव्या जावयाला म्हणाला, "ह्या आमच्या बाई. खोटं बोललं का हातावर छडी बसे, राजेहो!" टोमणा होता की आदर? चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मी हसले, आणि मेथीवालीपुढे पिशवी उलटी धरली.

घरी येऊन लिहायला बसले. हा कागद आधी किसनकडे जाईल, याचीच प्रत पल्लवीकडे, आणि मग तो घाटावरच्या फलकावर लागेल. खरं सांगू? लिहिता लिहिता हलकं वाटून राह्यलं. काल रात्री गाढ झोपले, सून उठवायला आली तोवर. इतकं हलकं वाटण्याचा मला काय हक्क? पण वाटतंय, आणि आता काही लपवायचं नाही म्हटल्यावर तेही लपवत नाही. आज सकाळी कणीक मळली, तिच्या फक्त पोळ्या केल्या.

आता एकदाच, फळ्यावर लिहायचे तशा ठळक अक्षरांत लिहिते. नाल्याच्या तोंडाशी कणीक किसननं टाकली नाही. मी टाकली. आणि त्याला विचारलं गेलं, तेव्हा मी तिथेच होते — तिसऱ्या पायरीवर.