तळ्यापर्यंत पस्तीस मिनिटे

माझा मामा पाट्या रंगवतो. छापील पाट्या आल्या, बाकीच्या पेंटरांनी ब्रश धुऊन ठेवले, हा मात्र रंगवतोच आहे. दुकान एका खोलीचं. टर्पेंटाइनच्या वासाने डोळे चुरचुरतात. मामाच्या खांद्यावर एक फडकं असतं, ते मुळात कुठल्या रंगाचं होतं हे मामीलाही सांगता येणार नाही, आणि ते तिच्याच जुन्या साडीचं आहे. त्याचा नियम एकच: रंगवलेली पाटी खोडायची नाही. 'आधी डोकं, मग ब्रश.' चाळीस वर्षांत आपण एक काना पुसलेला नाही, हे तो दिवसातून दोनदा तरी सांगतो. ऐकणारं कोणी नसेल तर मला सांगतो.

गावाबाहेर बस जिथून वळून परत फिरते, तिथून दोन शेतांमधून एक वाट जाते आणि लाकडी फाटकाशी संपते. फाटकापलीकडे रान आहे. फार मोठं नाही, पण जुनं, आणि मधोमध तळं. तिथल्या सातही पाट्या वीस वर्षांपूर्वी मामाने रंगवल्या. 'फाटक लावून घ्यावे.' 'फुले तोडू नयेत.' 'शांतता राखा.' लोकांना वाट दाखवणारा हा गृहस्थ स्वतः मात्र त्या रानात कधी गेला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

जायची ती मामी. मामी शाळेच्या ग्रंथालयात. आठवडाभर पोरांना 'हळू बोला' सांगून तिचा घसा बसतो, म्हणून रविवारी ती जिथे ते सांगावं लागत नाही तिथे जाते. 'पुढच्या रविवारी मीही येतो,' असं मामा दर रविवारी म्हणायचा. पण सोमवारी कोणाचं ना कोणाचं दुकान उघडायचं असायचं आणि पाटी ओलीच असायची.

फाटकावरच्या पाटीसाठी तळ्यापर्यंतचा वेळ हवा होता. मामाने मामीला विचारलं, तिने सांगितलं, त्याने रंगवलं: 'तळे – ३५ मिनिटे'. त्यातल्या तीनाची शेपूट बघायला मामाच्या ओळखीचे चार पेंटर खास बसने गेले होते. मामा नाही गेला.

यंदा तिथे नव्या वनरक्षक बाई आल्या आणि एके दिवशी थेट दुकानात हजर झाल्या. "काका, पाट्या सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. एवढ्या गोड सुरुवातीनंतर चांगलं काही येत नसतं. "पण तळ्यापर्यंत पंधराच मिनिटं लागतात. मी तीनदा चालून पाहिलं. लोक पस्तीस वाचतात आणि एवढं कोण चालणार म्हणून फाटकावरूनच माघारी जातात. वरून पत्र्याच्या छापील पाट्या यायच्यात. तुम्ही वेळ दुरुस्त केलीत तर मी याच ठेवा म्हणून कळवते. नाहीतर सातही उतरवाव्या लागतील."

"माझी पाटी चुकत नाही," मामा म्हणाला.

"मोजलं कोणी होतं?"

"हिने." मामी डबा घेऊन दारात उभी होती. तिने डब्याचं झाकण उगाच पुन्हा घट्ट केलं.

"घोडामैदान जवळच आहे," मामा म्हणाला. "रविवारी मी स्वतः चालून दाखवतो."

रविवारी आम्ही चौघं निघालो. मामाने इस्त्रीची पँट घातली होती आणि खिशात फूटपट्टी ठेवली होती, रानातलं एखादं झाड वाकडं निघालं तर असावी म्हणून. वाटेवर दोन्हीकडे कापणी झालेली शेतं, कुंपणावर कोणाचे तरी वाळत घातलेले मोजे. फाटकाशी पोचल्यावर तो स्वतःच्या पाटीपुढे हात मागे बांधून उभा राहिला. "रंग अजून उडाला नाही बघ," तो मला म्हणाला.

"घड्याळ बघा आता," मामी म्हणाली.

मामा सुटला. पायाखाली पाचोळा वाजत होता, फांद्यांमधून ऊन गळत होतं, दूर कुठेतरी सुतारपक्षी ठोकत होता. त्यातलं मामाने काहीही पाहिलं नाही. त्याची नजर मनगटावर. वाट वळते तिथे एक भलंमोठं झाड आडवं पडलेलं आहे, तेही त्याने ओलांडलं आणि पाहिलं नाही. झाडी संपली आणि समोर तळं. चौदा मिनिटं झाली होती.

"घड्याळ मागे पडलंय," मामा म्हणाला. बाईंनी आपलं घड्याळ पुढे केलं. मला हसू येत होतं, पण त्याचा चेहरा पाहून आवरलं. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं. "अगं, तुझी मामी कुठे ठेवलीस?" जणू मी छत्रीच विसरून आले होते.

आम्ही उलटे फिरलो. मामी त्या आडव्या खोडाच्या एका टोकाला, मांडीवर पिशवी घेऊन निवांत बसली होती. तेवढ्याच जागेवरची साल झिजून गुळगुळीत झाली होती.

"तू पस्तीस सांगितली होतीस," मामा म्हणाला.

"तुम्ही विचारलंत, तुला किती वेळ लागतो. मला तेवढा लागायचा." मामीने पिशवी बाजूला ठेवली. "तू पुढे हो, शेवटचं अक्षर संपवून मागच्या बसने आलोच, असं म्हणायचात ना तेव्हा, सुरुवातीला? मागची बस वीस मिनिटांनी असते. तेवढा वेळ मी इथे बसायची. मग तळ्यावर जायची. पंधरा आणि वीस. मी खोटं कशाला सांगू?"

वनरक्षक बाईंना एकाएकी वरच्या फांदीवरची खार फार बघण्यासारखी वाटू लागली. तिचं ते वाट पाहणं मामाने स्वतःच्या हाताने, ऑइल पेंटमध्ये, तीनाला शेपूट काढून वीस वर्षं फाटकावर लावून ठेवलं होतं.

"अजून थांबतेस?" मामाने विचारलं. हा आवाज दुकानातला नव्हता.

"थांबते. पण आता तुमच्यासाठी नाही. सुतारपक्ष्यासाठी. तो येतो."

मामा इस्त्रीच्या पँटीसकट तिच्या शेजारी बसला. आम्ही दोघी पुढे निघून गेलो.

पुढच्या रविवारी तो डबा-ब्रश घेऊन फाटकाशी उभा राहिला. चाळीस वर्षांचा नियम त्याने पत्र्याच्या पातळ पट्टीने खरवडून काढला. तीनाची शेपूट गेली तेव्हा मलाच वाईट वाटलं. अख्खी ओळ नव्याने लिहायची होती. 'तळे – १५ मिनि' इतकं झालं तेव्हा मामी फाटकातून आत शिरली. "मी पुढे होते," ती म्हणाली, "तुमचं अक्षर संपलं की या."

मामाने पाटीकडे पाहिलं. मग वळणावर दिसेनाशा होणाऱ्या तिच्या पाठीकडे. मग ब्रश माझ्या हातात कोंबला. "शेवटचं तू काढ," म्हणाला आणि चक्क पळाला. फाटकही लावलं नाही.

सातही पाट्या राहिल्या. फाटकावरच्या पाटीतलं शेवटचं अक्षर माझं आहे, आणि ते पडक्या भिंतीसारखं कललेलं आहे. बाईंनी परवा दुकानात येऊन हळूच विचारलं, काका, तेवढं सरळ करून द्याल का.

"नाही," मामा म्हणाला. "रंगवलेली पाटी मी खोडत नाही."