कोठडीतली सुईण

पोटाला हात लावण्याआधी ठकीमाय आपले तळवे चुलीवर धरून शेकायची. "थंड हात लागला का पोर बिचकतं गो," म्हणायची. शहापूरजवळच्या आमच्या वाडीत आणि आसपासच्या चार पाड्यांवर तिच्याशिवाय बाळंतपण होत नसे. बोलणं असं तिखट की बाळंतीण कळा विसरून हसायची. माझ्या नवऱ्याला तर ती तोंडावर म्हणायची, "पायाळू आलास तू, तवापासून उलटाच चालतोस."

बेचाळीस साली रुळांकाठच्या तारा कुणीतरी कापल्या आणि तालुक्याला नवा फौजदार आला. पहिल्याच आठवड्यात त्याने ठकीमायला उचललं. गुन्हा काय, कागद कुठे, काही नाही. "घरोघर फिरते, निरोप नेत असेल," एवढंच तो चावडीवर बोलला. तारा तिने कापल्या नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. पण तिलाच नेल्यावर वाडीतला एकूण एक पुरुष मुकाट झाला. त्याला तेवढंच हवं होतं.

तेराव्या दिवशी माझी जाऊ अडली. पोर आडवं होतं. मी दीड कोस पळत कोठडीशी गेले, शिपायाच्या पाया पडले. "घटकाभर सोडा हो तिला."

"सायबाचा हुकूम नाय," तो म्हणाला.

मग ठकीमायने गजांतून हात काढले, माझ्याच पदराचा गोळा केला आणि फिरवून दाखवलं. "कळ आली का थांब. जोर करू नको. असं, हळू." तिचे हात गार पडले होते. मी तशीच परत पळाले. पोर वाचलं, जाऊ गेली. माझ्या हातांना तिच्यासारखं जमलं नाही.

दोन महिन्यांनी तिला सोडलं, तेही काही न विचारता. तोवर आम्ही शहाणे झालो होतो. तिच्याशी बोलेल तो पुढचा, असं धरून लोक वाट बदलत. "मला काय रोग झालाय का रे?" ती भर रस्त्यात ओरडायची. कुणी थांबत नसे.

पुढच्या वर्षी माझे दिवस भरले. फौजदार अजून तालुक्यालाच होता. सासूबाईंनी धसईकडची सुईण आणली आणि मी हट्ट धरला नाही. त्याची मला आजही लाज वाटते. न बोलावता ठकीमाय सकाळपासून कुडाबाहेर बसून होती. दुपारी पोर रडलं, तेव्हा तिचा आवाज आला, "तू बरी हायस ना गो?"

माझ्या तोंडाशी शब्द आला होता. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. तिने पुन्हा विचारलं. मी डोळे मिटून पडून राहिले.