कोऱ्या पाण्यातले दहा

मामा कुणाचेच मामा नव्हते. आमच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मासे सांभाळणारा तो माणूस, आणि साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मागच्या लांबट खोलीत सिमेंटचे हौद, त्यांत बोटाएवढे गोड्या पाण्यातले मासे, आणि दिवसभर हवेच्या पंपांची घरघर. त्यातला एक पंप बंद पडला तरी मामा हातातला चहा तसाच ठेवून उठायचे. मासा आजारी पडणार हे त्यांना आदल्या दिवशीच कळायचं. कसं, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तुमचा राग कसा कळतो, ताई? तुम्ही दारातून आत यायच्या आधी कळतो. तसंच."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे खरंच आहे. जिभेला हाड नाही, हेही खरं. म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

आमचं काम ऐकायला साधं. रंगाच्या कारखान्यात आयर्न ऑक्साइडची तांबडी पूड लागते, म्हणजे गंजाचे पिठाहूनही बारीक कण. ते नदीत गेले तर माशांचं काय होतं, ते चार दिवसांत पाहायचं. काचेच्या सात टाक्या, प्रत्येकीत दहा मासे. सहा टाक्यांत पूड चढत्या मापाने, सातवीत नुसतं स्वच्छ पाणी. तिला आम्ही कोरी टाकी म्हणायचो. रोज ठरल्या वेळी काचेच्या कांडीने शेपटीला हळूच स्पर्श करायचा. कल्ले हलले नाहीत, शेपूट हललं नाही, की मेला म्हणून लिहायचं. आदल्या दिवसापासून शेवटच्या मोजणीपर्यंत कुठल्याच माशाला खायला द्यायचं नाही. दिलं की पाणी नासतं. आणि कोऱ्या टाकीत एकाहून जास्त मासे मेले तर चाचणीच रद्द, कारण मग बाकीचे पुडीने मेले की आपल्या हलगर्जीपणाने, हे कोण सांगणार? नवे सत्तर मासे घ्यायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

हे सगळं मला मामांनीच शिकवलेलं. मी नवीन होते तेव्हा उपाशी मासे बघून माझा जीव कळवळला होता. तर म्हणाले होते, "ताई, नियम म्हणजे नियम. आज दया केली तर उद्या दुप्पट मारावे लागतात."

त्या वर्षी मामी गेल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन, अगदी साधं, म्हणून मामांनी दोनच दिवसांची रजा टाकली होती. परत आले ते महिन्याने. दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. कामात मात्र कुठे कसर नाही. आम्हाला वाटलं, कामात जीव रमतोय तर बरंच आहे.

ती त्यांची परतल्यानंतरची पहिलीच चाचणी. तिसऱ्या दिवशी मोजायला गेले, तर सगळ्या तांबड्या टाक्यांत मिळून एक मेलेला, आणि कोऱ्या टाकीत चार. पाणी गढूळलेलं, तळाशी भिजून फुगलेले खाण्याचे दाणे.

मामा तिथेच उभे होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "मी दिलं, ताई. ह्यांच्या पाण्यात तर आपण काहीच घातलेलं नाही. मग ह्यांना कशाला उपाशी ठेवायचं, असं वाटलं."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. साहेब ऐकताहेत, शिकाऊ पोरी ऐकताहेत, कशाचं भान नाही. सव्वीस वर्षांत एवढंही कळलं नाही का, म्हातारचळ लागलाय का, होत नसेल तर घरी बसा, सगळं बोलून गेले. तुमच्यामुळे आता आणखी सत्तर जीव जाणार, हेही म्हणाले. ते खरं होतं, म्हणून तेच सगळ्यात जास्त लागलं असणार. मामा मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी साहेबच म्हणाले, पुरे आता.

दुपारी ते टाक्या घासत होते. मी काही माफी मागायला गेले नव्हते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. नवे मासे कधी काढायचे, एवढंच विचारायला गेले होते. पाण्यातून हात न काढता ते आपणहून बोलू लागले. ऑपरेशनसाठी मामींना रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. सकाळची वेळ दुपारवर गेली, दुपारची संध्याकाळवर. मामांच्या खिशात बिस्किटांचा पुडा होता आणि मामींना तो दिसत होता.

"म्हणाली, अहो, अर्धंच द्या, कुणाला कळतंय. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. उद्या पोटभर खा." मामांनी नळ बंद केला. "आत नेली ती उपाशीच गेली, ताई. चाळीस वर्षं मला वाढल्याशिवाय ती कधी जेवली नाही."

काहीतरी बोलायला हवं होतं. "सोमवारी सुरू करू," एवढंच मला मेलीला सुचलं.

नवे सत्तर मासे मामांनीच निवडले, एकेक मापून. खाण्याचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाले, "हा तुमच्या खणात राहू दे. माझ्या हाताचा आता मलाच भरवसा नाही." हौदातल्या सवयीने मासे त्यांची चाहूल लागली की काचेशी गोळा व्हायचे, खायला मिळेल म्हणून. त्यामुळे चारही दिवस मामा कोऱ्या टाकीच्या बाजूला फिरकलेच नाहीत. मागच्या दाराने ये-जा करायचे.

चौथ्या दिवशी शेवटची मोजणी झाली. सगळ्यात दाट टाकीत तीन मेलेले, बाकी सगळे जिवंत, कोऱ्या टाकीतले दहाच्या दहा. चाचणी पार पडली.

पण जगलेले मासेही परत हौदात जात नाहीत. त्यांना गुंगीच्या पाण्यात सोडायचं, आणि शांत झाले की कल्ले आणि आतडी काढून बाटल्यांत भरायची, पूड आत कुठवर गेली ते तपासायला. गुंगीचं पाणी नेहमी मामाच तयार करायचे. त्या दिवशीही केलं, आणि मग माझ्याकडे आले.

"मोजणी झाली ना, ताई? लिहून झालं सगळं?"

"झालं."

"मग त्या कोऱ्या टाकीतल्या दहांना चिमूटभर देऊ?"

डबा माझ्या हाताशी होता. खण उघडायचा अवकाश. मी नाही म्हटलं. आतडी रिकामी लागतात, मामा, तपासणीत घोळ होईल. त्या वेळी मी चिडलेही नाही, अगदी मऊ आवाजात सांगितलं. मला तेच जास्त छळतं.

"बरोबर आहे," मामा म्हणाले. "नियम म्हणजे नियम." आणि स्वतःच्या हातांनी त्यांनी एकेक मासा त्या पाण्यात सोडला.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले, आणि त्यानंतर दीड वर्षात गेलेच. डबा त्यांनी कधी परत मागितला नाही. गेल्या महिन्यात शीतकपाट साफ करताना त्या चाचणीच्या बाटल्या सापडल्या. तांबड्या टाक्यांतल्या बाटल्यांवर तपासल्याच्या खुणा होत्या. कोऱ्या टाकीतल्या दहांची झाकणं कुणी उघडलीसुद्धा नव्हती. साहेबांनी तुलनेला जुन्याच नोंदी घेतल्या होत्या. दहाही बाटल्यांवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: उपाशी, दिवस पाच. चिमूटभर दिलं असतं तर कुणाचं काहीच बिघडलं नसतं.