धाकटी मागं राहिली

"भावजी, हे गेले." सकाळी वडगावच्या ऑफिसात नुकताच येऊन बसलो होतो, तेव्हा विलासभाऊंच्या घरून मंगलवहिनींचा फोन आला.

विलासभाऊ आणि मी एकाच पतसंस्थेचे सर्व्हर सांभाळायचो. मुख्य सर्व्हर वडगावला, माझ्याकडं. त्यातली प्रत्येक नोंद जशीच्या तशी उतरवून घेणारा राखीव सर्व्हर तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या बिनखिडकीच्या खोलीत, भाऊंकडं. भाऊंनी त्यांना नावं दिली होती, थोरली आणि धाकटी. नोंदी उतरायला उशीर झाला की म्हणायचे, "धाकटी मागं राहिली." मी परंदवडीचा, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी अभिमानानं सांगतो, आणि भाऊ हाकही तशीच मारायचे, "काय पदवीधर!"

या उन्हाळ्यात धाकटी पार थांबली. शाखेतल्या कुणीतरी एक खातं थोरलीत न उघडता थेट धाकटीत उघडलं होतं. तोच खाते क्रमांक थोरलीकडून दुसऱ्याच माणसाच्या नावानं आला आणि ही अडून बसली. साहेब म्हणाले, ती एक नोंद वगळा आणि पुढं चला. तसं करता येतं. पण भाऊ म्हणाले, "वगळली की गप बसंल, साहेब. पन म्होरं खरं बोलती का खोटं, कोन सांगनार?" मलाही तेच वाटत होतं.

मग थोरलीची सगळी प्रत नव्यानं काढायला घेतली. मध्येच लाइन तुटायची, की पुन्हा पहिल्यापासून. त्याच आठवड्यात भाऊंच्या अँजिओग्राफीची तारीख होती.

"भाऊ, मी बसतो तिथं. तुम्ही जा."

"आन् थोरलीपाशी कोन? दोनी टोकांना मानूस पायजे."

"मग साहेबांकडं तिसरा मागा."

"मागितला की! म्हनले, तुमी दोघं हाय ना." भाऊ हसले. मग म्हणाले, "माज्या छातीतली लाइन बी मधीच तुटती रं..."

मला वडगाव सोडता येईना, त्यांना ती खोली. बाहेर पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न, आत एसीचा गारठा, आणि फोन कानाला लावून आम्ही दोघं एकमेकांच्या जांभया ऐकत बसलेलो. धाकटी अखेर थोरलीच्या बरोबरीला आली, पण भाऊंची तारीख निघून गेली होती. नवी मिळाली, ती यायच्या आधीच ते गेले.

आता तुंगार्लीला नवा माणूस बसतो. शिवाय तिसराही नेमलाय. आता.

परवा वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांच्या मोबाइलवर मेसेज आलाय. इंग्रजीत आहे, पण मला ओळखू येतो. मागं राहिलीय ती."

सर्व्हर अडला की इशारा अजून भाऊंच्या नंबरवरही जातो. म्हटलं, "वहिनी, तुम्हाला उगाच त्रास. तो नंबर काढून टाकतो."

"नको. मी चार्जिंगला लावते ना रोज. माहेरी गेले तरी बरोबर नेते..." मग म्हणाल्या, "ह्यांच्या फोनवर आता दुसरं कोण काय पाठवतंय?"

नंबर तसाच ठेवलाय. तोच इशारा आम्हालाही येतो, वहिनींचा फोन येईतोवर बहुतेकदा काम सुरूही झालेलं असतं. पण दोन्ही नव्या माणसांना मी सांगून ठेवलंय. वहिनींना "माहीत आहे" म्हणायचं नाही. "बरं झालं सांगितलंत," म्हणायचं.