अर्जुनरावांचा ‘रिफ्यूज्ड’

चिखलीच्या अर्जुनरावांनी आयुष्यात एकच इंग्रजी क्रियापद मनापासून आपलंसं केलं आणि त्याच्या जिवावर सात-आठ वर्षं वार्ताहरकी केली. ते क्रियापद म्हणजे ‘रिफ्यूज’, नकार देणं. मंत्री बोलायला नकार देतात, साहेब नकार देतात, हे त्यांनी मुंबईच्या इंग्रजी पेपरांत वाचलं होतं. त्यात त्यांना मोठी सोय दिसली. अमक्याने नकार दिला असं छापलं की वाचणाऱ्याला वाटतं, बातमीदार उन्हातान्हात त्याच्या दारात गेला असणार, चार खडे सवाल टाकले असणार. अर्जुनराव तर ओट्यावरून उठतही नसत.

जमीन वाट्याने लावलेली, त्यामुळे दिवस मोकळा. सकाळी सायकल मारत चिंचवडला जायचं, तिथल्या एका कंपनीच्या गेटासमोरच्या हॉटेलात बसून सुटलेल्या शिफ्टच्या गप्पा ऐकायच्या, घरी येऊन त्या इंग्रजीत उतरवायच्या आणि पाकीट पुण्याच्या बसच्या कंडक्टरजवळ द्यायचं. पुण्यातलं एक इंग्रजी दैनिक ते छापायचं. सरपंच लग्नाला गेलेत? रिफ्यूज्ड. डॉक्टर जेवायला बसलेत? रिफ्यूज्ड. ज्याला विचारलंच नाही, तोसुद्धा रिफ्यूज्ड. आणि एवढ्या कर्तबगारीवर खिशाला पेन लावून गावात मिरवायचं.

चौऱ्याहत्तर साली हे मन्सूरच्या मुळावर आलं. मन्सूर त्यांच्याच गावचा, दोन आळ्या पलीकडे राहणारा. त्याचे वडील चांदभाई नालबंद. अर्जुनरावांच्या घरच्या बैलांना नाल त्यांनीच ठोकलेले. मन्सूर चिंचवडच्या त्याच कंपनीत पत्रा कापायच्या मशीनवर होता. मशीनची हात वाचवणारी जाळी तुटली, तेव्हा तो फोरमनला म्हणाला, "जाळी बसवा, लगीच चालू करतो," आणि अख्खी शिफ्ट मशीनपाशी उभा राहिला. जाळी काही आली नाही.

कंपनीतल्या एका बाबूने हॉटेलात ही गोष्ट सांगितली, अर्थात जाळी वगळून. अर्जुनरावांनी लिहिलं, कामगाराने काम करायला नकार दिला. कारण विचारता बोलायलाही नकार दिला. कारण विचारलं कोणी? कोणीच नाही. दोन दिवसांनी त्या दैनिकाने वर अग्रलेख ठोकला, की हल्लीच्या कामगाराला नकार देण्यापलीकडे काही येतच नाही. लिहिणाऱ्या विद्वानाने चिंचवड कधी आगगाडीच्या खिडकीतून तरी पाहिलं होतं का, देव जाणे. अर्जुनरावांनी तो अग्रलेख गावभर दाखवला.

कंपनीने मन्सूरला सस्पेंड केलं, चौकशी लावली आणि बातमीचं कात्रण पुढे केलं. नोकरी जाणार हे दिसतच होतं. तेव्हा त्याची बायको गुलशन अर्जुनरावांच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"अण्णा, तुमी आमच्या घरला कवा आला व्हता? ह्यांनी कवा तुमाला न्हाई म्हटलं? एकडाव चौकशीला या. ‘म्या इचारलंच न्हाई,’ एवढं सांगा. नोकरी वाचल."

एवढंसं वाक्य, पण ते बोललं की वार्ताहरकी संपली. गावात कोणत्या तोंडाने पेन लावून हिंडायचं? एकीकडे शेजाऱ्याची भाकरी, दुसरीकडे खिशातलं पेन, आणि या गृहस्थाला निवड करायला क्षणही लागला नाही. सरळ नाही म्हणायचीही त्यांना हिंमत झाली नाही.

"बघू की. सध्या तब्येत बरी न्हाई माझी," ते म्हणाले. "च्या घे."

चहा न घेताच ती निघून गेली. चौकशीच्या दिवशी अर्जुनराव घोंगडी ओढून पडून राहिले. अंगात ताप नव्हता. मन्सूरची नोकरी गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी देवळापुढे माणसं बसली होती. मन्सूरचा विषय निघाला तसे अर्जुनरावच सगळ्यांत जास्त हळहळले.

"लई वाईट झालं, राव. आमच्याकडं कुनी आलंच न्हाई. एक शबूद टाकला असता, तर म्या सोता जाऊन सांगितलं असतं."

त्यांची जमीन वाट्याने करणारा चुलतभाऊ दत्तोबा शेजारीच बसला होता. तो उठला आणि त्याने धोतराची धूळ झटकली.

"गुलशन आली तवा म्या तुज्या गोठ्यात वैरण टाकत व्हतो, अर्जुना. समदं आयकलंय. उद्यापासनं तुजी जमीन तू कर."