खाडीचा गाळ आणि कपाशीचा कण

बाबा फवारणी करताना शेतात कोसळले, हा फोन आला तेव्हा मी कोकणातल्या एका खाडीत गुडघाभर चिखलात उभी होते. तिवरांच्या मुळांमधून नुकताच हातभर लांबीचा गाळ अखंड काढून आम्ही अर्ध्या कापलेल्या पाइपात ठेवला होता. अशा गाळात थरावर थर जुने परागकण टिकून असतात. ते ओळखले की तिथली खारफुटी कधी दाट होती, कधी नाहीशी झाली, ते कळतं. माझं सगळं संशोधन त्या पाइपात होतं. प्रयोगशाळेत नेऊन ठेवायला वेळ नव्हता. पाइप प्लॅस्टिकमध्ये आणि ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी यवतमाळ गाठलं.

दवाखान्यात बाबांना फवारणीच्या विषबाधेमुळे माझा चेहरा नीट दिसत नव्हता. "कोण होय?" आवाज ओळखल्यावर म्हणाले, "इतक्या लांबून कायले आली?"

आठवड्यानं नजर सुधारली आणि आम्ही राळेगावजवळ आमच्या गावी आलो. तोवर ओल्या फडक्यात सांभाळलेला पाइप फ्रिजमध्ये ठेवला, पण वीज तासन्‌तास जायची. गाळ सुकला किंवा बुरशी आली तर संपलंच. मी सारखी उठून बघायची. आई म्हणाली, "बापाले नाही पाह्यलं तू इतक्या वेळा." ते लागलं, कारण खरं होतं.

दुसऱ्या सकाळी बाबा कोणाला न सांगता शेतात गेले. गुलाबी अळी लागली की कपाशीचं फूल उमलत नाही, मिटूनच राहतं. त्या डोमकळ्या एकेक उकलून पाहत होते म्हणे. परत आले तेव्हा मी पाइप उघडून ओल तपासत होते. त्यांनी वाकून वास घेतला. "सडल्यावानी वास येते हिले." आणि बोटानं गाळ दाबला. बोटावर कपाशीच्या फुलांची पिवळी पूड होती.

मी ओरडले. त्यांनी हात मागे घेतला, पायजम्याला पुसला.

महिन्याभरानं प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तो कण दिसलाच. गोल, मोठा, काटेरी. कपाशीचा असावा. पण खाडीकाठच्या परसभेंडीच्या झाडाचा परागही काटेरीच, दोन्ही एकाच कुळातली. दोन दिवस मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं नाही. शेवटी सगळं सांगून टाकलं.

"कुठं दाबलं होतं?"

"वरून चार बोटं खाली."

"तेवढा तुकडा बाद. बाकीच्याचा बाहेरचा थर खरवडून आतले नमुने घे."

आतल्या नमुन्यांत काटेरी कण एकही नव्हता. खालच्या थरांत तिवर आणि कांदळ या खारफुटीच्या झाडांचे कण भरपूर, मग वाळूचा पट्टा, त्यात जवळजवळ काहीच नाही. त्यावर पुन्हा तिवर. ते परत कसं वाढत गेलं, हे नेमकं बाद तुकड्यात होतं. प्रबंधात मी तसं लिहिलं, कारणासकट.

पुढच्या हंगामात बाबांचा फोन आला. "माह्या बोटानं खराब झाली काय वं ती माती?"

"थोडी झाली. बाकीची चांगली आहे."

"मंग ठीक हाय."

"बाबा, यंदा फवारणी कोण करून राह्यलं?"

ते म्हणाले, "पाहू," आणि फोन आईकडे दिला.